धाकट्याची बाजू

१ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! नवं गाव, नवी नोकरी, नवं घर, आणि भाऊ मात्र तोच जुना. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या मिळाल्यात. खालून शिलाई मशीनची खडखड चालू असते, पण खिडकीतून थेट रस्त्याच्या टोकापर्यंत दिसतं आणि स्वयंपाकघरात भिंतभर कपाटं आहेत. सामान वर चढवताना टिल्लूने पलंगाचा एक पाय मोडला आणि वर मलाच सुनावलं की ताई, तुझ्या पुस्तकांच्या ओझ्याने तो बिचारा आधीच खचला होता.

टिल्लू म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी चिमणीएवढा होता म्हणून हे नाव पडलं. आता दारातून वाकून आत येतो, पण नाव काही सुटलं नाही. सायकली दुरुस्त करतो. शाळेत असताना सायकलवरून तोंडावर पडला, तेव्हापासून नाकाच्या मधोमध एक उंचवटा आहे. तो म्हणतो, त्यामुळेच आपण रुबाबदार दिसतो. मला इथे नोकरी मिळवायला तीन मुलाखती द्याव्या लागल्या. हा रस्त्याच्या टोकाच्या सायकलच्या दुकानात पंप मागायला गेला आणि काम मिळवून आला.

त्याची एक खोड जात नाही. कपाट उघडलं की ते लावायचं असतं हे त्याच्या गावीच नाही. संध्याकाळपर्यंत वरच्या कपाटाच्या उघड्या दारावर दोनदा डोकं आपटून घेतलं. मी म्हटलं, बाबा रे, दारं लावत जा. तो कपाळ चोळत म्हणाला, ते बघायला तू आहेस की.

आईचा फोन आला. ती मावशीकडे असते. दोघं भांडू नका आणि त्याला उपाशी ठेवू नकोस, असं तिने मला बजावलं. मी उपाशी राहिले तर बहुधा चालणार आहे.

४ ऑक्टोबर

संग्रहालय लहानसंच आहे. माझी प्रयोगशाळा तळमजल्यावर मागच्या बाजूला: एक लांब टेबल, सूक्ष्मदर्शक, वाफा खेचून घेणारा पंखा, अंगणाकडे उघडणारी खिडकी. माझं काम धातूच्या जुन्या वस्तू जपण्याचं. गंज थांबवायचा, मळ काढायचा, आणि आपल्या हातून काही नवीन बिघडू द्यायचं नाही.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई भारी उत्साही आहेत. बोलताना चष्मा डोक्यावर ठेवतात आणि मग तोच शोधत फिरतात. त्यांनी माझ्यासमोर एक ट्रे ठेवला आणि लग्नातले दागिने दाखवावेत तसं वरचं कापड हळूच उचललं. आत रोमन साम्राज्याची कांस्याची नाणी, पूर्वेकडच्या कुठल्याशा शहरात पाडलेली, सगळी एकाच मडक्यात सापडलेली. तळव्यात मावेल एवढं एकेक नाणं, वर हिरवट तपकिरी पुट.

प्रत्येक नाण्यावर सम्राटाचे दोन मुलगे समोरासमोर, एकमेकांच्या डोळ्यांत बघत. निदान नाणं पाडलं तेव्हा तसे होते. त्यांची लांबलचक नावं घेताना माझी बोबडी वळते, म्हणून मी आपली थोरला आणि धाकटा म्हणते. डावीकडे थोरला: आखूड दाढी, जाड मान, कपाळावर खोल आठी. उजवीकडे नुसते ओरखडे. बापाने राज्य दोघांच्या हाती दिलं. वर्षही सरलं नसेल, थोरल्याने धाकट्याला आईच्या कुशीत असताना ठार करवलं आणि हुकूम काढला की त्याचं नाव आणि चेहरा जिथे असेल तिथून काढून टाका. पुतळ्यांवरून, भिंतींवरून, लोकांच्या हातातल्या नाण्यांवरूनही. मग कुणीतरी छिन्नी घेऊन बसलं आणि ट्रेमधल्या प्रत्येक नाण्यावरून धाकटा खरवडून काढला.

बाई हसत म्हणाल्या की तो हुकूम पुढे कुणी रीतसर मागे घेतल्याचं काही त्यांच्या वाचनात आलेलं नाही, तेव्हा जपून.

घरी येऊन टिल्लूला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, म्हणजे थोरली भावंडं तेव्हापासून अशीच. शिवाय नाण्यावरच्या थोरल्याची आठी हुबेहूब माझ्यासारखी असणार, असं न बघताच सांगून टाकलं. सूक्ष्मदर्शकात बघून बघून माझ्या कपाळावर रस्ता पडलाय, असं तो नेहमी म्हणतो.

९ ऑक्टोबर

आज मीच एक कल्पना मांडली. ठोकून उमटवलेलं चित्र वरून खरवडलं तरी त्याखालचा धातू दाबलेलाच राहतो. आम्लाचा हलका हात फिरवला तर दाबलेला भाग आणि मोकळा भाग वेगवेगळे झिजतात आणि गेलेलं चित्र पुन्हा दिसायला लागतं. घासून काढलेले आकडे वाचायला ही युक्ती वापरतात. नाण्यावरच्या चेहऱ्यासाठी कुणी वापरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

खरं तर आमच्या कामाचा नियम असा, की मुद्दाम केलेली खूण तशीच ठेवायची. खरवडलेला चेहरा हाही इतिहासच. हे मी बाईंना सांगितलं आणि बाईंनी ते मान्यही केलं. मग त्या म्हणाल्या, एकाच नाण्यावर करून बघू या का? मी याच प्रश्नाची वाट बघत होते. प्रदर्शन या महिन्याच्या शेवटी आहे. अठराशे वर्षं कुणी न पाहिलेला चेहरा दाखवायचा मोह आवरला नाही, त्यांनाही आणि मलाही.

नाणं निवडलं. वरच्या कडेला त्याला एक भोक आहे, कुणीतरी दोऱ्यात ओवून गळ्यात घालत असेल.

१२ ऑक्टोबर

धाकटा आला!

कापसाच्या बोळ्याने द्रावण लावत होते, पुसत होते, पुन्हा लावत होते. दुपारी ओरखड्यांच्या खालून आधी हनुवटी वर आली, मग ओठ, मग नाक. पोरसवदा चेहरा, दाढी नाही. बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या आणि चक्क रडायला लागल्या. चष्मा डोक्यावर असल्यामुळे त्यांना काय दिसलं कोण जाणे.

लगेच रबराचा ठसा घेतला, त्याचा फोटो काढला आणि फक्त दोन चेहरे येतील असा मोठा करून भिंतीवर लावला. ठशात सगळं उलटं येतं, नाण्यावरचं उजवं तिथे डावीकडे. बाई फोटोसमोर उभ्या राहून थोरल्याला धाकटा म्हणत होत्या. मी त्यांची थट्टा केली आणि फोटोच्या खालच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं: ठसा, उलटा.

टिल्लू मला न्यायला आला होता. भिंतीवरच्या धाकट्याकडे बघून म्हणाला, नाक माझं चोरलंय याने. मी हसले. मग जवळ जाऊन बघितलं. नाकाच्या मधोमध उंचवटा आहे. आम्ल लावताना हात जड पडला असेल.

१५ ऑक्टोबर

किरकोळ गोष्टी आहेत, पण लिहून ठेवते.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरातली सगळी कपाटं बंद. टिल्लू चहा करून कामावर गेला होता. त्याने चहा केला म्हणजे साखरेचं दार, चहाचं दार, कपांचं दार उघडं असायलाच हवं. वाटलं, चला, सुधारला.

संध्याकाळी तो वैतागून आला. दुकानाचे मालक सकाळी त्याला म्हणाले, बोला, काय हवंय? गिऱ्हाईकाशी बोलतात तसं. याला वाटलं चेष्टा चाललीय, म्हणून हाही म्हणाला की एक विमान दाखवा. मालक हसले नाहीत. मग एकदम आठवल्यासारखं करून म्हणाले, अरे, तू होय!

खोलीत आम्हा दोघांचा एक फोटो आहे, आईने काढलेला. प्रवासात काचेखाली काहीतरी घासलं गेलंय. त्याच्या गालावर तिरप्या रेघा उठल्यात.

१८ ऑक्टोबर

नाण्यावर फिकट हिरवी भुकटी धरलीय. आम्लाचा अंश आत राहिला की कांस्याला हा रोग लागतो. मी नाणं पुरेसं धुतलं नाही, चूक माझीच. पण भुकटी इतक्या झपाट्याने पसरते कशी? काल नखाएवढी होती, आज दोन्ही चेहऱ्यांच्या मानेपर्यंत आलीय. थोरल्याचा डोळा अजून दिसतो. नाण्यावरचे हे चेहरे एका बाजूने दिसतील असे कोरलेले असतात, बुबुळ नेहमी समोरच्या चेहऱ्याकडे. आज ते माझ्याकडे वळल्यासारखं वाटलं. पुन्हा बघायला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची इच्छा झाली नाही.

बाईंनी जेवायला बोलावलंय. म्हणाल्या, नव्या गावात एकटीच असतेस, घरचं खा जरा. मी म्हटलं, एकटी कुठे, भाऊ आहे ना. धाकट्याचा चेहरा आला त्या दिवशी तुम्ही त्याला भेटलात, तो तुमच्याशी चष्म्यावरून बोलला, तुम्ही केवढ्या हसलात. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेऊन मला न्याहाळलं. मग पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, फार काम करतेस ग.

१९ ऑक्टोबर

आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, टिल्लूशी बोल. ती म्हणाली, कोण टिल्लू? मी ओरडले. ती घाबरली. म्हणाली, बाळा, तुला बरं नाही का? तू माझी एकुलती एक, इतक्या लांब गेलीस, मला झोप लागत नाही.

टिल्लू शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, आईचं वय झालं. मग मला विचारलं, ताई, तुला मी आठवतो ना?

कसला प्रश्न हा. मी त्याला रागावले. मग त्याच्या नाकात बोट घालायच्या सवयीपासून पाचवीतल्या नापास होण्यापर्यंत सगळं म्हणून दाखवलं. शाळेचं नाव मात्र आठवलं नाही. आम्ही दोघं एकाच शाळेत होतो.

२१ ऑक्टोबर

सकाळी तो चहा घेऊन समोर बसला आणि म्हणाला, न्हाणीघरातला दिवा बदलायला हवा, आरशात नीट दिसत नाही.

दिवा चांगला आहे.

त्याच्या नाकावरचा उंचवटा गेलाय. नाकच सपाट झालंय. गालावरून कानापर्यंत तिरप्या रेघा. जखम नाही, रक्त नाही, कातडीच तशी झालीय, एका दिशेने, छिन्नी चालवल्यासारखी. त्याला दुखत नाही. तो बोलत होता, चहा पीत होता, आणि मी मान खाली घालून बशीकडे बघत होते, कारण वर बघितलं असतं तर किंचाळले असते.

शिंप्याच्या दुकानावरून तो गेला तेव्हा शिंप्याने नजरही उचलली नाही. मी मागून गेले तर म्हणाला, ताई, वरच्या एका खोलीत भागत असेल तर दुसरी मी ठेवणीच्या कापडाला वापरू का?

ही भूतबाधा नाही. हा हुकूम आहे. दोघांपैकी धाकटा पुसायचा. अठराशे वर्षं तो पुसलेला होता आणि हुकूम स्वस्थ होता. मी धाकट्याला परत आणलं. आता हुकूम धाकटा शोधतोय, आणि हाताशी मिळाला तो माझा.

बाईंकडे गेले. म्हटलं, नाण्यावरचा चेहरा पुन्हा काढून टाकू. त्या इतक्या मऊपणे बोलायला लागल्या की तिथेच कळलं, यांच्या लेखी मला वेड लागलंय. आमंत्रणपत्रिका छापून झाल्यात, सुट्टी घे, नाण्याला आता प्रदर्शन होईपर्यंत हात लावायचा नाही.

२२

त्याला तोंड राहिलेलं नाही.

आतून आवाज येतो. ताई म्हणतो बहुतेक. मी त्याचा हात धरून बसलेय. हात अजून हातासारखा आहे, बोटांना सायकलच्या तेलाचा वास आहे. त्याचं खरं नाव आठवत नाही. बारशाला ते मीच सुचवलं होतं, असं आई सांगायची. आठवत नाही.

आपल्याला भाऊ आहे, असं मी कागदावर लिहून खिशात ठेवलंय. संग्रहालयात पोचेपर्यंत विसरायला नको.

जाते. बाई जेवायला बाहेर पडल्या की प्रयोगशाळा रिकामी असते. छिन्नी माझ्याच खणात आहे.

२२, घरी

झालं. केलं मी.

डबी उघडली तर नाणं नाहीच, हिरवा गोळा. दोन्ही चेहरे भुकटीखाली. कुठे दाढी, कुठे हनुवटी, काही दिसेना. नीट साफ करायला वेळ लागला असता, आणि वेळच — धाकटा कुठल्या बाजूला होता? मी तो इतके दिवस रोज बघत होते. डोक्यात त्याच्या जागी नुसते ओरखडे. मान वर केली. भिंतीवर फोटो. धाकटा डावीकडे. भोक वर धरलं आणि डावी बाजू खरवडली. भुकटी उडाली, मग खाली तांबडा धातू दिसला, मग मी दात आवळून खरवडतच राहिले. हात थांबला तेव्हा लक्षात आलं, आपण रडतोय आणि माफी मागतोय. कुणाची, कोण जाणे.

घरी आले. जिन्यातच गाणं ऐकू आलं. बेसूर. न्हाणीघरातून.

स्वयंपाकघरातली सगळी, सगळी कपाटं उघडी!

खिशातल्या कागदाची गरज नाही आता. टिल्लू. टिल्लू. टिल्लू. तो डोकं पुसत बाहेर आला. नाक आहे. नाकावर उंचवटा आहे. मी त्याला घट्ट मिठी मारली. तो जरा अवघडून उभा राहिला, मग हसला. थकलाय बिचारा.

२३

टिल्लूला आईचा फोन. तो बराच वेळ हसून बोलला. मी फोन मागितला तर त्याने दिला नाही. ऐकू गेलं नसेल.

चहा त्याने एकच कप केला.

२३, दुपार

संग्रहालयात गेले. माझ्या टेबलाशी बाई कुणाची तरी मुलाखत घेत होत्या. म्हणत होत्या की ही जागा बरेच दिवस रिकामी आहे. मी समोर उभी. माझ्या आरपार बघत होत्या.

भिंतीवरचा फोटो. खालच्या कडेला पेन्सिलीने, माझं अक्षर.

ठसा, उलटा.

देवा.

नाणं डबीतच आहे. उजवीकडची भुकटी बोटाने पुसली. धाकटा आहे तिथे. पोरसवदा, नाकावर उंचवटा, जवळजवळ हसरा. डावीकडे ओरखडे. दाढी गेली, मान गेली. ओरखड्यांच्या वर फक्त कपाळावरची आठी उरलीय. त्या बाजूला मी हात लावला आणि माझ्या कपाळावर —

थोरली मी आहे.

आम्लाची बाटली फळीवरच होती. थोरल्याला परत आणता येईल. अर्ध्या तासाचं काम. पण हुकूम त्याचाच; तो गेला म्हणून टिल्लू सुटला, तो आला की हुकूमही आला. मग पुन्हा धाकटा. मग पुन्हा ते तोंड नसलेलं —

बाटली मोरीत ओतून टाकली. धूर झाला. पलीकडे बसलेल्या कुणाला खोकलासुद्धा आला नाही.

२३

आरशात गाल नाही.

घरी आले. टिल्लूनेच दार उघडलं. अगदी अदबीने विचारलं, कोण हवंय आपल्याला? पूर्वी कधी माझ्याशी अदबीने बोलला नव्हता. मी म्हटलं, ताई. ऐकू गेलं नसावं. वाऱ्याने वाजलं असेल म्हणून त्याने दार लावून घेतलं. तोवर मी त्याच्या अंगावरूनच आत आले होते. त्याला धक्का लागला नाही.

दुखत नाही. तो म्हणाला होता तसंच. फार भीती वाटते पण. फार. कुणाला हाक मारायला तोंडच —

पलंगाच्या मोडक्या पायापाशी बसलेय. पेन धरवतंय अजून. वरच्या ओळीतला एक शब्द गेलाय. तो काय होता?

आईने काढलेल्या आमच्या फोटोत तो एकटाच आहे. छान दिसतो.

स्वयंपाकघरात आला. साखर शोधतोय. वरचं कपाट उघडलं. दार तसंच. आता वाकलाय. आता सरळ होईल आणि —

लागलं त्याला. कपाळ चोळतोय. वळून बघतोय इकडे, दार कुणीतरी लावेल अशा सवयीने. कुणी नाही म्हणून जरासा गोंधळलाय.

टिल्लू, ते बघायला आता मी नाही रे. दारं लावत जा. नाहीतर पुन्हा डोकं आप